टेबलावर बसून तेवीस मीटर चढलेलं घड्याळ

प्रश्न : मी परळला चौदाव्या मजल्यावर राहते. मुलाने दिलेल्या मनगटी घड्याळात समुद्रसपाटीपासूनची उंची दिसते. शनिवारी घड्याळ दिवसभर टेबलावर पडून होतं. सकाळी दहाला त्यात ५० मीटर उंची होती, दुपारी चारला ७३! मुलगा म्हणतो, सेन्सर गेला, बदलून घेऊ. खरंच गेलाय का?
– एक वाचक, परळ

उत्तर : ताई, थांबा. बदलून आणलेलं घड्याळही दुपारी चारला असंच वर चढेल.

तुमच्या घड्याळाला उंची कळतच नाही. त्याला कळतो फक्त हवेचा दाब. समुद्राकाठी तो सरासरी १०१३ हेक्टोपास्कल असतो (हे दाब मोजायचं माप; एक हेक्टोपास्कल म्हणजे शंभर पास्कल). आपल्याकडे साधारण साडेआठ मीटर वर गेलं की तो एका हेक्टोपास्कलने कमी होतो. घड्याळ हेच गणित उलटं मांडतं : दाब एकाने उतरला, म्हणजे बाई साडेआठ मीटर चढल्या. बाई जागेवरच आहेत आणि हवाच बदलली, हे त्याच्या गावीही नसतं.

आणि मुंबईची हवा रोज बदलते, तीही वेळापत्रकाने. उष्ण कटिबंधात दाब दिवसातून दोनदा चढतो आणि दोनदा उतरतो. सकाळी आणि रात्री दहाच्या सुमारास सर्वांत जास्त, पहाटे आणि दुपारी चारच्या सुमारास सर्वांत कमी. वातावरणाची ही भरती-ओहोटीच, पण समुद्राच्या भरतीत चंद्राचा हात मोठा असतो, इथे मुख्य काम सूर्याच्या उष्णतेचं. दहा ते चार या वेळात आपल्याकडे साधारण तीन हेक्टोपास्कल उतरतात. साडेआठ त्रिक साडेपंचवीस. तुमचे तेवीस मीटर त्यात आरामात बसतात. तुम्ही पाहिलंत तेही नेमकं दहाला आणि चारला, म्हणून फरक एवढा ठळक दिसला.

ही चूक मी स्वतः केलेली आहे. विशीत असताना फोर्टातल्या एका दुरुस्तीच्या दुकानात शिकायला होतो. बोटींवरचे ॲनेरॉइड बॅरोमीटर, म्हणजे हवेचा दाब दाखवणारी काट्याची यंत्रं, यायचे. पितळी घर आणि त्यात हवा काढून बंद केलेली, नागमोडी पत्र्याची डबी. दाब वाढला की डबी चेपते, तरफा हलतात, काटा सरकतो. पहिल्याच आठवड्यात सकाळी जुळवलेला काटा दुपारी खाली आलेला दिसला. मी गुपचूप मागचा स्क्रू पिळून तो 'बरोबर' केला. उस्तादांनी पाहिलं. त्यांनी काचेवर टिचकी मारली (अडकलेला काटा सुटावा म्हणून ते नेहमी मारत) आणि म्हणाले, "काटा नाही रे, हवा उतरलीय. रात्री दहाला येऊन बघ." मी गेलो. दुपारच्या त्या स्क्रूमुळे काटा आता जास्तच वर चढून बसला होता.

तुमच्या घड्याळात तीच डबी आहे, फक्त सिलिकॉनची आणि तिळाएवढी. असे काही सेन्सर दोन बाय अडीच मिलिमीटरचे असतात, जाडी एक मिलिमीटरहून कमी. आत बंद पोकळी आणि तिच्यावर सिलिकॉनचा पातळ पडदा. पडदा वाकला की त्यातल्या सूक्ष्म पट्ट्यांचा विद्युतरोध बदलतो. सिलिकॉनचा हा गुण १९५४ मध्ये अमेरिकेतल्या बेल लॅब्स या प्रयोगशाळेत चार्ल्स स्मिथ यांनी मोजून दाखवला. तरफ नाही, काटा नाही, टिचकीची गरज नाही. एक मीटर उंचीला जेमतेम १२ पास्कलचा फरक पडतो, तोही अशा सेन्सरला जाणवतो. खोटं वाटत असेल तर पुढची परीक्षा घ्या.

लिफ्टने तळमजल्यावर जा आणि लगेच परत या. चौदा मजले म्हणजे चाळीस-पंचेचाळीस मीटर. घड्याळात तेवढेच उतरून पुन्हा चढलेले दिसले, तर सेन्सर ठणठणीत आहे. पाच मिनिटांत हवा फारशी बदलत नाही, ही यातली गोम. जिन्यांची मोजणी मात्र वेगळी. बहुतेक घड्याळं पावलं आणि उतरता दाब दोन्ही एकदम दिसले, तरच मजला मोजतात. म्हणून लिफ्टचं पुण्य खात्यावर जमा होत नाही!

उंचीचा आकडा खरा हवा असेल तर घड्याळातल्या सेटिंगमध्ये आपल्या मजल्याची उंची अधूनमधून भरत जा. पावसाळा लागला की तर नक्कीच. मुंबईत जुलैचा सरासरी दाब जानेवारीपेक्षा आठ-दहा हेक्टोपास्कलने कमी असतो. हिवाळ्यात जुळवून तसंच सोडलेलं घड्याळ आषाढात तुम्हाला घरबसल्या सत्तर-ऐंशी मीटर वर नेऊन ठेवेल.

प्रश्न : पावसात भिजल्यापासून माझं घड्याळ उंची काहीच्या काही दाखवतं. कडेच्या बारीक भोकात पिन घालून साफ करू का?
– एक वाचक, माहीम

उत्तर : पिन अजिबात नको. सेन्सरला बाहेरची हवा अशाच भोकातून मिळते आणि आत पाणी अडवणारा पातळ पडदा असू शकतो. तो फाटला तर पुढच्या सरीत घड्याळच जाईल. सध्या भोकात पाण्याचा थेंब अडकला असावा. गोड्या पाण्याने हलकेच धुवा, सुती फडक्यावर भोक खाली करून हलक्या हाताने आपटा आणि रात्रभर पंख्याखाली ठेवा. तांदळाच्या डब्यात मात्र नको, त्याची पूड त्याच भोकात जाऊन बसते.