ब्रेकला दोन माणसं लागतात

*मावशी, आम्ही डिचोली तालुक्यातले. माझे यजमान खाणीवर मेकॅनिक होते. २०१८ च्या मार्चमध्ये खाणी बंद पडल्या, तेव्हापासून घरीच रिपेरिंगची कामं करतात. इंग्लंडमधले लोक घरच्या गॅरेजमध्ये स्पोर्ट्स कार बांधतात हे त्यांनी मोबाईलवर पाहिलं आणि दोन वर्षांपूर्वी ठरवलं, आपणही सगळ्यांनी मिळून बांधायची. जुनी ओमनी आणून इंजिन काढलं, चौकोनी पाइपांची चासी वेल्ड केली. दोन लाख दहा हजार गेले, त्यातले सव्वा लाख माझ्या ठेवीतले. गेल्या चवथीला आरतीवाल्यांना सांगाड्याला वळसा घालून आत यावं लागलं. गाडी झाली की सगळ्यांना बसवून पणजीला नेणार, म्हणतात. मुलगा वीस वर्षांचा, पर्वरीला हॉटेल मॅनेजमेंट शिकतो. सुरुवातीला दर रविवारी हात लावायचा. एकदा त्याच्याकडून बोल्ट तुटला आणि हे त्याच्या मित्रांसमोर नको ते बोलले. तेव्हापासून तो घरापुढच्या खळ्यात उतरत नाही. आता ब्रेकचं काम अडलंय, त्याला दोन माणसं लागतात म्हणे. 'पोराला नको तर भंगारात घालतो,' असं म्हणून हे ताटावरून उठतात. धाकटी दहावीला आहे, ती फक्त टॉर्च धरते. मुलाची समजूत कशी घालू?*

बाय,

तुझं पत्र मी दोनदा वाचलं. पहिल्यांदा बापलेकाचं भांडण तेवढं दिसलं. दुसऱ्यांदा शेवटून दुसऱ्या वाक्यावर अडले. 'ती फक्त टॉर्च धरते.'

साखळीच्या आमच्या घरामागे वडिलांची प्रीमियर पद्मिनी असायची आणि तिच्या बॉनेटखाली टॉर्च धरायचं काम माझ्याकडे होतं. टॉर्च नीट धरायची तर पाना पुढे कुठे जाणार हे आधी कळावं लागतं. उजेड नटवर पडला पाहिजे, हाताची सावली पडता कामा नये. वडिलांनी मागायच्या आत मी बारा-तेराचा पाना पुढे करायची, तेव्हा ते वर न बघताच तो घ्यायचे. तुझी मुलगी दोन वर्षं खळ्यात उभी आहे. त्या गाडीचा कुठला बोल्ट कुठे बसतो हे यजमानांच्या खालोखाल तिलाच माहीत असणार. आणि घरात सगळे म्हणतात, दुसरं माणूस नाही.

म्हणून मुलाची समजूत घालू नकोस. तो वीस वर्षांचा आहे, आठवडाभर बसने पर्वरीला जातो-येतो आणि त्याला रविवार एकच मिळतो. गाडीचं वेड बापाचं. ते त्याच्यात उतरलं नाही, यात त्याचा दोष नाही. बोल्टचं मात्र तसं सोडून चालणार नाही. जुन्या गाडीचे गंजलेले बोल्ट आपल्या हवेत भल्याभल्यांच्या हातात तुटतात. खाणीवर तुझ्या यजमानांच्या हातूनही तुटले असतील, आणि कुणा जुन्या मिस्त्रीने त्यांना ते काढायला शिकवलं असेल. त्यांनी मुलाजवळ जाऊन एवढंच म्हणावं, 'त्या दिवशी मी चारचौघांत बोललो ते चुकलं.' पुढे 'आता ये मदतीला' हे शेपूट जोडायचं नाही. जोडलं तर माफीचा सौदा होईल आणि पोराला तो बरोबर कळेल.

आता पणजीचं. हे तुला कुणी सांगितलेलं दिसत नाही, म्हणून स्पष्टच लिहिते. ही गाडी रस्त्यावर जाणार नाही.

यजमानांनी पाहिलं ते खोटं नाही. १९५७ मध्ये इंग्लंडच्या लोटस कंपनीच्या कॉलिन चॅपमनने लोटस सेव्हन ही छोटी स्पोर्ट्स कार आणली ती सुट्या भागांतही मिळायची, कारण तयार गाडीवर तिथे खरेदी-कर होता आणि सुट्या भागांवर तो लागत नव्हता. जोडणीची माहिती सोबत दिली तर कर लागेल, म्हणून गाडी खोलायची कशी याची माहिती द्यायचे आणि लोक ती उलट्या क्रमाने वाचून गाडी जोडायचे. घरोघरी गाड्या बांधायची रीत तिथे अशी रुजली, आणि आजही घरी बांधलेल्या एकेका गाडीची तपासणी करून नोंदणी द्यायची सोय तिथे आहे. आपल्याकडे नव्या गाडीचा नमुना पुण्याच्या एआरएआयसारख्या संस्थेकडून चाचण्यांत पास व्हावा लागतो, मग नोंदणी. तो मार्ग कारखान्यांसाठी आहे, एका कुटुंबाला झेपणारा नाही. ओमनीचं आरसी बुक वापरू म्हणाल तर तेही नाही. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ मूळ गाडीच्या रचनेत असे बदल करू देत नाही आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये तेच ठामपणे सांगितलं. नोंदणी नाही म्हणजे विमा नाही. गावच्या वाटेवरही कुणाला धक्का लागला तर भरपाई घर विकून द्यावी लागेल. उलट ओमनी मोडली हे आरटीओला कळवून तिचं आरसी परत करायचं राहिलं असेल, तर ते याच आठवड्यात करा. ती अजून जुन्या मालकाच्या नावावर असेल तर त्यालाही सोबत घ्या.

सांगली जिल्ह्यातल्या देवराष्ट्रे गावच्या एका कारागिराची बातमी तुम्ही पाहिली असेल. मुलाच्या हौसेसाठी त्यांनी भंगारातून छोटी जीप बांधली, किक मारून सुरू होणारी. २०२१ च्या डिसेंबरात आनंद महिंद्रांनी तिचं तोंड भरून कौतुक केलं आणि त्याच दमात लिहिलं की नियमांत बसत नसल्याने अधिकारी आज ना उद्या ही गाडी थांबवतील. तिच्या बदल्यात त्यांनी बोलेरो दिली.

मला वाटतं तुझ्या यजमानांना हे ठाऊक आहे. इतकी वर्षं यंत्रांत काढलेल्या माणसाला आरटीओ माहीत नसतो असं होत नाही. पणजीचं बोलणं तोंडातून गेलं आणि आता ते परत घेता येत नाही. खाण बंद झाली तेव्हा पगारासोबत 'हे फक्त यांनाच जमतं' म्हणणारी माणसंही गेली. गाडी हे त्याचं उत्तर होतं. तू रागावू नकोस, पण त्यांच्याशी बोल. जेवणाच्या ताटावर नको, रात्री दोघंच असताना. 'पणजीला जाणार नाही हे मला कळलंय. तरी आपण ही पुरी करू, पण कशासाठी ते ठरवू.'

कारण नंबर प्लेट नसली तरी ती गाडीच आहे. पिथमपूरला बाहा आणि कोईम्बतूरला फॉर्म्युला भारत या स्पर्धांत इंजिनिअरिंगची मुलं स्वतः बांधलेल्या गाड्या उतरवतात. त्या कधीच रस्त्यावर येत नाहीत, तरी वेल्डिंगपासून ब्रेकपर्यंत सगळं तपासून गुण मिळतात. तुमची गाडी कुंपण घातलेल्या खाजगी जागेत, मालकाची लेखी परवानगी घेऊन, हेल्मेट-बेल्ट लावून, सावकाश चालवता येईल. तेही अठरा पुरी झालेल्यानेच, धाकटीने आता नाही. आणि दहावीनंतर आयटीआय की बारावी करून फर्मागुडीचं इंजिनिअरिंग कॉलेज हे ठरवायची वेळ येईल, तेव्हा तुमच्या खळ्यातली दोन वर्षं तिच्या कामाला येतील.

पैशांचं थोडक्यात. तुझ्या ठेवीला आता हात नाही. ती तुझी आहे, हे सांगायला संकोच नको. पुढचा खर्च ब्रेक, स्टिअरिंग, टायर यांवर होऊ दे, तिथे स्वस्तातलं काही नको. सीट कव्हर, रंग, हेडलाइटच्या चकचकीत रिंगा राहू देत. मात्र पावसाआधी उघड्या पाइपांना रेड ऑक्साईड मारलाच पाहिजे, नाहीतर एका पावसाळ्यात गंज धरेल. आणि चवथीच्या आठ दिवस आधी गाडी मागच्या पडवीत जाईल, असा शब्द घे. तिला चाकं लागली असतील तर ते अवघड नाही.

एक गोष्ट मात्र मला खरंच टोचतेय. ग्राइंडर चालू असताना टॉर्च धरणाऱ्या पोरीच्या डोळ्यांवर गॉगल असतो का? वेल्डिंगच्या वेळी काळी काच असते का? नसेल तर पुढचं सगळं नंतर, आधी ते आण.

मग या रविवारी ब्रेकमधली हवा काढा. ब्रेक ऑइलचा नवा डबा आणा. गेल्या वर्षी फोडलेला असेल तर टाकून द्या, ते ऑइल हवेतलं पाणी ओढतं आणि आपल्याकडच्या पावसात जास्तच. पेडलला जोडलेल्या मास्टर सिलिंडरपासून सगळ्यात लांबच्या चाकाने सुरुवात. पेडलवर तू बस. नुसतं 'दाब, धर, सोड' ऐकायचं असतं, तुला जमेल. यजमान टाकीतलं ऑइल खाली जाऊ देणार नाहीत, तेवढंच त्यांचं काम. चाकाजवळ हवा काढायची निपल असते, तिच्यावर पाना घेऊन धाकटीला बसव. तू पेडल दाबून धरलंस की ती निपल सैल करेल, निपलला लावलेल्या नळीतून बाटलीत बुडबुडे येतील, ती निपल आवळेल आणि मगच तुला 'सोड' म्हणेल. तिने म्हटल्याशिवाय पाय उचलू नकोस, नाहीतर हवा परत आत जाईल. बुडबुडे थांबून ऑइल सलग यायला लागलं की पेडल पायाखाली घट्ट लागतं.

टॉर्च कोण धरेल, हा प्रश्न येईल. मुलाला हाक मारू नका. खळ्यातला दिवा लावा आणि दार उघडं ठेवा.

तुझी,
मावशी