अळ्या नकोत, मग फुलपाखरं येणार कुठनं?

तुम्ही विचारलंय, सांगलीत घरापुढं १० बाय १२ ची जागा आहे, फुलपाखरं-पक्षी यावेत पण अळ्या अजिबात नकोत, तर काय लावू. वाचून राहवलं नाही म्हणून लिहितेय. अहो अळीचंच फुलपाखरू होतं आणि बरेच पक्षी पिल्लांना अळ्याच भरवतात, मग अळ्या नकोत म्हणून कसं चालेल?

दोन वर्षांपूर्वी पावसाळ्यात आमच्या दारातल्या कढीपत्त्यावर लिंबाळी फुलपाखरानं अंडी घातली, खसखशीएवढी, पिवळसर. अळ्या आधी पक्ष्याच्या शिटेसारख्या काळ्या-पांढऱ्या दिसायच्या, मग एकदम हिरव्यागार झाल्या, काडीनं डिवचलं की डोक्यामागनं दोन शिंगं बाहेर काढायच्या आणि उग्र वास सुटायचा. मुलगी रोज शाळेला जाताना मोजायची. चौदा होत्या, त्यातल्या पाच शिंपी पक्ष्यानं नेल्या, त्याचं घरटं तिथंच जास्वंदीच्या पानात शिवलेलं. आणि एक दिवस थोरले भाऊजी तासगावच्या द्राक्षबागेतनं आले, पंपात औषध उरलं होतं, मी भाजी घेऊन येईपर्यंत मारून मोकळे. संध्याकाळी फरशीवर नऊच्या नऊ काळ्या पडलेल्या. पोरगी दोन दिवस झाडाकडं फिरकली नाही.

भाऊजींचं म्हणणं, झाड खाऊन टाकलं असतं. खाऊ दे की! कढीपत्त्याचा खराटा झाला तरी पावसाळ्यात परत फुटतो. आणि द्राक्षाचं औषध मारलेला तोच पाला आपण फोडणीत टाकायचा का? आजही त्यांना पटत नाही. बागेत औषध लागतं, ते त्यांचं पोट आहे, त्याबद्दल मी काही बोलत नाही. पण दारातल्या एका झाडाला कशाला?

तर कढीपत्ता लावा, एक लिंबू लावा. २०१५ साली महाराष्ट्राचं राज्य फुलपाखरू झालेलं ब्ल्यू मॉरमॉन पण लिंबाच्याच जातीच्या झाडांवर अंडी घालतं. कोपऱ्यात रुई लावली की बिबळ्या कडवा हे फुलपाखरू येतं, जास्वंदीवर शिंजीर पक्षी येतात. नुसती शोची फुलझाडं लावली तर फुलपाखरं मध पिऊन निघून जातात, अंडी घालायला त्यांना ठरावीक झाडंच लागतात. घाणेरीवर फुलपाखरं खूप दिसतात पण ती लावू नका, पसरली की आवरत नाही. आणि पेव्हर ब्लॉक तर अजिबात नको, थोडी माती उघडी राहू दे.

हां, रुईचा चीक डोळ्यात गेला तर वाईट, घरात लहान मुलं असतील तर रुई लावू नका. पक्ष्यांना पाणी ठेवलंत तर रोज बदला, डास होतात. आणि घरात कुणाकडं फवारणीचा पंप असेल तर आधीच सांगून ठेवा, मी सांगितलं नव्हतं.