वडिलांना लघवीची नळी आहे. पिशवी रिकामी राहते आणि लघवी नळीच्या बाजूनं गळते. काय करावं?

आधी नळीवरून बोट फिरवत पिशवीपर्यंत जा. बऱ्याचदा ती मांडीखाली दबलेली किंवा बाजेच्या सुतळीत अडकून मुरगळलेली सापडते. पिशवी अंथरुणात शेजारी ठेवली असेल तर बाजेच्या दांडीला खाली टांगा, मात्र जमिनीला टेकू देऊ नका.

नळी मोकळी असेल तर विचारा, संडास कधी झाली? तीन-चार दिवस पोट साफ नसेल तर कडक मळ मूत्राशयावर दाबतो आणि लघवी बाजूनं येते. हे कारण फार जणांच्या लक्षातच येत नाही. परभणी-नांदेडच्या मे महिन्यात पाणी कमी पडलं की असं व्हायला वेळ लागत नाही. हृदय-किडनीचं पथ्य नसेल तर दिवसभरात दोन लिटर पाणी थोडं थोडं द्या.

नळीत पांढरट, वाळूसारखा थर दिसला तर ती आतून बुजतेय, बदलावीच लागेल. गळती थांबावी म्हणून जाड नळीचा आग्रह धरू नका, त्यानं मूत्राशय आणखी चिडतं. घरी सिरिंजनं पाणी मारू नका. आणि कृपा करून नळी ओढू नका! आत साधारण 10 मिली पाण्याचा फुगा असतो, त्यानं मूत्रमार्ग फाटतो.

दोन-तीन तास पिशवीत थेंब नाही, ओटीपोट टम्म, थंडी वाजून ताप किंवा रक्ताच्या गाठी, यातलं काहीही दिसलं तर सकाळची वाट न बघता जवळचं ग्रामीण रुग्णालय गाठा.