ब्रॉयलरच्या पिलांना ताक द्यावं का?

प्रश्न : आमचं करारावरचं ब्रॉयलरचं शेड आहे. पिलं उतरवली की टाकीत प्रोबायोटिकची (आतड्याला उपयोगी जिवंत जंतूंची) पावडर टाकतो, तरी गेल्या बॅचला पातळ विष्ठा आणि ओलं लिटर (जमिनीवर अंथरलेला भुसा) होतंच. शेजारी म्हणतात, त्यापेक्षा घरचं ताक द्या. काय करावं?
– एक वाचक, ता. संगमनेर

उत्तर : ताक तुम्ही प्या, पिलांना नको. निपलच्या (पिलं चोचीने दाबून पाणी पितात त्या तोट्यांच्या) पाइपात त्याचा बुळबुळीत थर बसतो आणि त्यावर नको ते जंतू पोसतात. शिवाय दह्यातले जंतू दुधात वाढणारे. कोंबडीच्या आतड्यात ते तग धरतीलच असं नाही.

आता पावडर. त्याच टाकीत ब्लीचिंग पावडरही पडते ना? मग क्लोरीन रोगजंतूंबरोबर पावडरीतला लॅक्टोबॅसिलस हा उपयोगी जंतूही मारणार. पैसे टाकीतच बुडाले.

गावरान पिलू आईमागे उकिरडा उकरतं आणि तिच्या पोटातले जंतू त्याला आपसूक मिळतात. हॅचरीतल्या पिलाला आईच भेटत नाही. फिनलंडमध्ये ब्रॉयलरमध्ये साल्मोनेला हा रोगजंतू पसरला, तेव्हा नुर्मी आणि रंताला या संशोधकांनी नुकत्याच जन्मलेल्या पिलांना निरोगी मोठ्या कोंबड्यांच्या आतड्यातला ऐवज पाजला. ऐकायला किळसवाणं, पण त्या पिलांमध्ये साल्मोनेलाला सहजी शिरकाव करता आला नाही. हे 1973 साली प्रसिद्ध झालं. एसटीच्या खिडकीतून रुमाल टाकून जागा धरतात ना, तसंच हे. आधी बसेल त्याची जागा.

म्हणून पिलं उतरली की प्रोबायोटिक पहिल्याच पाण्यातून द्या. उकळून गार केलेलं, ब्लीचिंग न टाकलेलं पाणी छोट्या ड्रिंकरमध्ये, दोनेक तासांत संपेल एवढंच. अँटिबायोटिक चालू असेल तर कोर्स संपल्यावर. (कोलिस्टिन हे अँटिबायोटिक मात्र कुणी दिलं तरी घेऊ नका, 2019 पासून कोंबड्यांसाठी त्यावर बंदी आहे.) पाकिटावर बॅसिलस सबटिलिस असेल तर ते जंतू बीजाणूंच्या कवचात असतात, गोळीखाद्य बनवतानाची उष्णताही सोसतात, ते खाद्यातून दिलेले बरे.

तुमच्या ओल्या लिटरचं खापर मात्र मी जंतूंवर लगेच फोडणार नाही. आधी निपल गळतात का, त्यांची उंची पिलांच्या वाढीप्रमाणे बदलता का, खाद्यात मीठ जास्त आहे का, ते बघा. विष्ठेत रक्त दिसलं तर कॉक्सिडिओसिसची (आतड्यातल्या परजीवींमुळे होणाऱ्या रोगाची) शंका घ्या. तिथे प्रोबायोटिकवर विसंबू नका. मेलेलं पिलू ताजं असतानाच पशुवैद्यकाकडे न्या आणि आतडं उघडून बघायला सांगा.