ट्रॉलरमध्ये वाटा घ्यावा, की आधी व्यापाऱ्याची उचल फेडावी?

ताई, मालवण तालुक्यातून आलेले आपले सविस्तर पत्र दोनदा वाचले. आपण विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे : आपल्या पतींची फायबरची होडी आहे, तिला आउटबोर्ड इंजिन आहे आणि ते दोन खलाशांसह न्हयची (पाण्यात पडद्यासारख्या उभ्या सोडायच्या जाळ्याची) मासेमारी करतात. गावातील एका चौदा वर्षे जुन्या ट्रॉलरमधील (मागे जाळे ओढत नेणाऱ्या मोठ्या यांत्रिक बोटीतील) एक तृतीयांश वाटा १२ लाख रुपयांना मिळत आहे. त्यासाठी बँकेतील मुदत ठेवीचे ६ लाख, दागिने तारण ठेवून ४ लाख आणि मासळी व्यापाऱ्याकडून २ लाख आगाऊ, अशी जुळवाजुळव आपण मनाशी केली आहे. "मोठी बोट झाली तर मुलगा गावातच राहील," हे आपले वाक्य मला सर्वांत महत्त्वाचे वाटते, म्हणून त्याकडे शेवटी येतो.

माझे मत आधीच सांगतो. हा वाटा आपण या वर्षी घेऊ नये. त्याच ठेवीतील पैसा आपल्या होडीवर आणि तिच्यात येणाऱ्या मासळीच्या दरावर लावला, तर आपल्या घराला अधिक मिळेल आणि रात्रीची झोपही राहील.

मूळ पेच आपल्या पत्राच्या तिसऱ्या पानावर, अगदी जाता जाता लिहिलेल्या एका ओळीत आहे. तीन वर्षांपूर्वी जाळ्यांसाठी आपण याच व्यापाऱ्याकडून दीड लाखाची उचल घेतली. ती तशीच उभी आहे, आणि "तो व्याज घेत नाही, फक्त मासळी त्यालाच द्यावी लागते". आपणच दिलेल्या आकड्यांप्रमाणे तो किनाऱ्यावरील लिलावापेक्षा सुमारे शेकडा १० कमी दर देतो. गेल्या हंगामात त्याने आपल्याला ९ लाख रुपये दिले, म्हणजे तीच मासळी लिलावात साधारण १० लाखांना गेली असती. दीड लाखाच्या उचलीपोटी होडीने एका हंगामात एक लाख रुपये मोजले आणि मुद्दल एका रुपयानेही कमी झाले नाही. कोणत्याही बँकेने शेकडा सुमारे ६७ दराने कर्ज देऊ केले असते, तर आपण तिच्या दारातही उभ्या राहिला नसता.

आणखी एक गोष्ट मला अस्वस्थ करते. आपल्या होडीवर खर्च वजा जाता अर्धा भाग होडी-जाळ्यांचा आणि अर्धा भाग तिघा माणसांचा, अशी वाटणी आहे. त्या एका लाखातील सुमारे ६६,७०० रुपये आपल्या घराचे गेले आणि ३३,३०० रुपये त्या दोन खलाशांचे गेले, ज्यांनी ही उचल घेतलेलीच नाही. आपल्या किनाऱ्यावरील रापणीत (सगळ्यांनी मिळून किनाऱ्यावर ओढायच्या जाळ्यात) प्रत्येकाचा वाटा सगळ्यांच्या डोळ्यांदेखत वाळूवर ठरतो. बांधलेल्या दरात मात्र कोणाचे किती गेले ते दिसत नाही, आणि चांगले खलाशी होडी का सोडतात याचे एक कारण त्यात असते.

आता ट्रॉलरचा हिशेब मांडू. विक्रेत्याच्या सांगण्यानुसार हंगामाची विक्री ३० लाखांची असून एक तृतीयांश वाटेकऱ्याला अडीच लाख सुटतात. तो आकडा खरा धरू. ठेवीवरील शेकडा ७ दराचे व्याज बुडेल, ते ४२,००० रुपये. दागिन्यांवरील कर्जाचे शेकडा १२ दराने ४८,००० रुपये व्याज जाईल, आणि ते पावसाळी मासेमारी बंदीच्या दोन महिन्यांतही चालूच राहील. चौदा वर्षांच्या बोटीची झीज, म्हणजे ओढणी (दुरुस्तीसाठी बोट पाण्याबाहेर ओढून घेणे), इंजिनाचे मोठे काम आणि अखेरीस घटलेली किंमत यांसाठी वर्षाला १,२०,००० रुपये बाजूला टाकणे मला अतिशय गरजेचे वाटते. उरतात ४०,०००. त्यातच व्यापाऱ्याच्या नव्या दोन लाखांमुळे ट्रॉलरची मासळीही शेकडा १० कमी दराने गेली, तर ३० लाखांवर ३ लाख आणि आपल्या वाट्याचा एक लाख कमी होईल, कारण डिझेल, बर्फ आणि खलाशांचा पगार तेवढाच राहतो. म्हणजे ६०,००० रुपयांची तूट येते. यात दागिने सोडवण्याचा एक रुपयाही धरलेला नाही.

कागदांचा प्रश्नही साधा नाही. नौकेची नोंदणी आणि मासेमारीचा परवाना ज्याच्या नावावर, त्यालाच डिझेलवरील कराचा परतावा, विम्याची रक्कम आणि वादळानंतरची भरपाई मिळते. आपल्याला देऊ केलेला वाटा शंभर रुपयांच्या मुद्रांकावरील करारावर आहे, नोंदणीत आपल्या पतींचे नाव येणार नाही. मे २०२१ मध्ये तौक्ते वादळाने देवगड-मालवण पट्ट्यात नौकांचे काय केले, ते आपण माझ्यापेक्षा जवळून पाहिले आहे. अशा वेळी कागदावर नसलेल्या वाटेकऱ्याच्या हाती काही येत नाही.

ट्रॉलरच्या उद्याच्या कमाईविषयीही मी सावध आहे. किनाऱ्याजवळच्या उथळ पाण्यात ट्रॉलिंगला राज्याच्या १९८१ च्या सागरी मासेमारी नियमन कायद्याने मनाई आहे आणि २०२१ च्या सुधारणेनंतर नियमभंगाचा दंड लाखांच्या घरात गेला आहे. २०२३ मध्ये राज्याने ५४ जातींच्या मासळीसाठी पकडण्याचे किमान आकारमान ठरवले, आणि त्याच वर्षी पापलेटला राज्यमासा घोषित केले. बारीक आसाच्या (छिद्रांच्या) जाळ्यात आलेले बोटभर पापलेट विकणे म्हणजे व्याज सोडून मुद्दल खाणे आहे. जी बोट अशा मासळीवर आपला हिशेब जुळवते, तिच्यात दहा वर्षांचा पैसा अडकवणे मला धोक्याचे वाटते. आपल्या पतींची न्हय ठरावीक आसाची असल्यामुळे लहान मासा बहुतांशी निसटून जातो. ही आपल्या धंद्याची जमेची बाजू आहे आणि तिला कमी लेखू नये.

मग ६ लाखांचे काय करावे? सर्वप्रथम दीड लाख देऊन व्यापाऱ्याची उचल फेडावी, दोन साक्षीदारांसमोर लेखी पावती घ्यावी आणि पुढची मासळी लिलावात किंवा आपल्या मच्छीमार सहकारी संस्थेमार्फत विकावी. संबंध तोडू नयेत, कारण बाजारभाव दिला तर तोच व्यापारी उद्याही चांगला गिऱ्हाईक आहे. त्यानंतर दीड लाख हात न लावण्याचा निधी म्हणून वेगळे ठेवावेत. आपला घरखर्च महिना १८,००० आहे. १ जून ते ३१ जुलै असे बंदीचे ६१ दिवस आणि त्यापुढे वाऱ्यापावसात जाणारे दिवस धरून चार महिन्यांचे ७२,००० होतात, उरलेल्या रकमेत हंगामापूर्वीची डागडुजी बसते. ही रक्कम एकाच ठेवीत न ठेवता तीन लहान ठेवींत विभागावी, म्हणजे एक मोडली तरी बाकीच्या चालू राहतील. अकरा वर्षे जुने इंजिन वारंवार बंद पडून दिवस वाया जातात असे आपण लिहिले आहे, तेव्हा दरपत्रकाप्रमाणे २,१०,००० रुपयांचे नवे इंजिन घेणे योग्य आहे. उरलेल्या ९०,००० मधून चांगल्या बर्फपेट्या घ्याव्यात, कारण बर्फ कमी पडला की बांगड्याचा दर किनाऱ्यावरच उतरतो.

हंगामाचे इंधन, बर्फ आणि जाळ्यांची दुरुस्ती यांसाठी किसान क्रेडिट कार्ड काढावे. २०१८-१९ पासून ते मच्छीमारांनाही मिळते. २ लाखांपर्यंत शेकडा ७ व्याज आहे, वेळेवर फेडल्यास ते शेकडा ४ पडते आणि तेवढ्या रकमेला तारण लागत नाही. दीड लाख वर्षभर वापरले तरी व्याज ६,००० रुपये होते. एप्रिल २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने मत्स्यव्यवसायाला कृषीचा दर्जा दिल्यामुळे बँकेच्या शाखेत विचारणा करताना आपली बाजू अधिक भक्कम आहे. एका शाखेने टाळाटाळ केली तर संस्थेच्या पत्रासह जिल्हा अग्रणी बँकेकडे जावे.

उचल फिटल्यावर मासळी आपण स्वतः बाजारात विकणार असाल, तर बर्फपेटीसह दुचाकीचा अर्ज आपल्याच नावाने करावा. प्रधानमंत्री मत्स्यसंपदा योजनेत सर्वसाधारण लाभार्थ्याला शेकडा ४० आणि महिलांना शेकडा ६० अनुदान ठरलेले आहे. सध्या अर्ज चालू आहेत का, हे मालवणच्या मत्स्यव्यवसाय कार्यालयात विचारून घ्यावे, आणि अनुदान हातात पडेपर्यंत ते हिशेबात धरू नये. याच योजनेच्या गट अपघात विम्यात मृत्यूस ५ लाखांचे संरक्षण आहे व हप्ता सरकार भरते. पतींचे आणि दोन्ही खलाशांचे नाव त्यात आहे का, ते संस्थेत पाहावे. पती ४६ वर्षांचे आहेत, तेव्हा वर्षाला ४३६ रुपयांत २ लाखांचा प्रधानमंत्री जीवनज्योती विमाही पन्नाशीपूर्वी घ्यावा. दागिने घरातच राहू द्यावेत.

आता मुलाविषयी. त्याने डिझेल मेकॅनिकचे आयटीआय पूर्ण केले आहे आणि त्याला समुद्र सोडायचा नाही, ही आपल्या घरातील खरी संपत्ती आहे. त्याने येत्या हंगामात त्याच ट्रॉलरवर इंजिनाच्या कामासाठी पगारावर जावे आणि प्रत्येक फेरीचे डिझेल, बर्फ, मासळीची जात, आकार व मिळालेला दर वहीत लिहून ठेवावा. बंदरात डझनांनी इंजिने आहेत, त्यामुळे बंदीच्या दोन महिन्यांत दुरुस्तीची कामे त्याला घरबसल्या मिळू शकतील. हंगाम संपल्यावर विक्रेत्याने सांगितलेले ३० लाख आणि मुलाच्या वहीतील बेरीज शेजारी शेजारी ठेवून, नोंदणीत नाव घालण्याची तयारी आहे का हे विचारून, मला पुन्हा लिहावे. तोपर्यंत इसारा म्हणून एक रुपयाही देऊ नये.