मोलचं गणित चुकतंय? आधी फॉर्म्युला नीट वाच

भागाकार गुणाकार तुला येतोच रे, गडबड होते ती फॉर्म्युला वाचताना. मोल म्हणजे कण मोजायचं माप, डझनसारखंच, फक्त खूप मोठं. निळं कॉपर सल्फेट घे, CuSO₄·5H₂O, त्याच्या फॉर्म्युल्यात शेवटी टिंब देऊन पाण्याचे ५ रेणू लिहिलेले असतात, ते टिंब गुणाकाराचं नाही, तिथे बेरीज करायची. कॉपर ६३.५५, सल्फर ३२.०६, चार ऑक्सिजनचे ६४, झाले १५९.६१, आणि पाण्याचे पाच गुणिले १८.०२ म्हणजे ९०.१, एकूण साधारण २४९.७ ग्रॅम प्रति मोल. पाणी विसरून १५९.६ धरूनच निळे खडे वजन केले ना, तर ०.१ मोलरचं (म्हणजे लिटरमागे ०.१ मोल) सोल्यूशन ०.०६४ च होतं, माझं झालंय हे, पूर्ण प्रॅक्टिकल परत करावं लागलं.

पुढचं सोपं आहे. १२.५ ग्रॅम भागिले २४९.७, म्हणजे ०.०५ मोल. त्याला ६.०२२ गुणिले १० चा २३ वा घात या ॲव्होगाड्रोच्या आकड्याने (एका मोलमध्ये इतके कण) गुण, आले ३.०१ गुणिले १० चा २२ वा घात. हे खरं तर फॉर्म्युला युनिट्स, म्हणजे फॉर्म्युल्यात लिहिलेला एकेक संच, रेणू नाहीत, कारण पदार्थ आयनिक आहे, म्हणजे आयनांचा (विद्युतभार असलेल्या कणांचा) बनलेला. पाण्याचे रेणू मोजायचे असतील तर याच्या पाचपट.

कंस दिसला की बाहेरचा २ आतल्या प्रत्येक अणूला लागतो, कॅल्शियम हायड्रॉक्साइडमध्ये, Ca(OH)₂, ऑक्सिजन दोन आणि हायड्रोजनही दोनच. ऑक्सिजन वायू म्हटलं की ३२ घे, १६ नाही, कारण त्याच्या रेणूत दोन अणू असतात. आणि प्लीज, राउंड ऑफ एकदम शेवटी कर, आणि प्रत्येक आकड्यापुढे युनिट लिही, ग्रॅम ग्रॅमशी कटले नाहीत तर गणित उलटं मांडलंय हे तिथेच कळतं.