ग्राउंड वेटा बघायचाय? मग रात्री जा
अरे न्यूझीलंडात आहेस तर ग्राउंड वेटा, म्हणजे जमिनीत राहणारा एक किडा, बघच, पण दिवसा शोधू नकोस, तो दिवसभर जमिनीतल्या बिळात असतो आणि बिळाचं तोंड मातीने असं बेमालूम लिंपतो की पायाखाली असलं तरी कळत नाही. अंधार पडला की लाल लाईटचा टॉर्च घे, हळू चाल. रातकिड्यासारखाच दिसतो पण पंख नाहीत, आणि झाडावरच्या वेटाला पुढच्या पायात कान असतात तसे यांना नसतात, काही जाती पोट आपटून एकमेकांना संदेश देतात, मला हे फार भारी वाटतं! मादीच्या मागे सुईसारखं दिसलं तर घाबरू नको, नांगी नाही ती, अंडी घालायचा अवयव आहे. काही जातींत तो आखूड असतो, त्यातली आई बिळातच अंडी सांभाळत बसते, म्हणून प्लीज बीळ उकरू नकोस रे.